आधी मॅन्युअल, मग सर्च

१ जानेवारी २००० रोजी अमेरिकेची अधिकृत वेळ सांभाळणाऱ्या नौदल वेधशाळेच्या वेबसाइटवर वर्ष झळकले १९१००. त्या दिवशी इतरही अनेक वेबसाइटवर हाच विनोदी आकडा दिसत होता. असा आकडा यायचे नेहमीचे कारण साधे आहे. सी आणि पर्ल या भाषांतले ‘लोकलटाइम’ हे फंक्शन १९०० पासून किती वर्षे झाली ते सांगते. पुष्कळ प्रोग्रामरांनी ते सालाचे शेवटचे दोन आकडे समजून पुढे ‘१९’ चिकटवले. ९९ पर्यंत निभावले, ९९ चे १०० झाले आणि बिंग फुटले.

पर्लच्या बाबतीत तर खुलासा हाताशीच होता. टर्मिनलवर ‘पर्लडॉक -एफ लोकलटाइम’ एवढे टाइप केले की त्या फंक्शनची माहिती समोर येते. वर्ष १९०० पासून मोजले जाते आणि महिना शून्यापासून, हे तिथे स्पष्ट लिहिलेले आहे.

ही सोय आजची नाही. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्स मॅन्युअलच्या पहिल्या आवृत्तीवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. त्यात कमांडच्या माहितीखाली ‘बग्ज’ असा मथळा असे आणि आपल्याच प्रोग्रामचे दोष त्याखाली नोंदवलेले असत. आपल्या मालाची खोट स्वतःच छापणारे विक्रेते किती सापडतील? पुढे माहिती जागेवरच दाखवायला पायथॉनने ‘पायडॉक’ आणले, रुबीने ‘आरआय’, गो भाषेने ‘गो डॉक’.

तरीही शिकणाऱ्याचा हात आधी जातो तो सर्चकडे, हल्ली एआयकडे. उत्तर झटकन मिळते, पण ते कोणत्या आवृत्तीचे? पायथॉनमध्ये मजकुराच्या सुरुवातीचा ठरावीक भाग काढणारे ‘रिमूव्हप्रीफिक्स’ २०२० मध्ये, ३.९ या आवृत्तीत आले. कॉलेजच्या लॅबमध्ये ३.८ असेल तर वेबवरून उतरवलेली ओळ एरर देणारच. तिथल्या पायडॉकला विचारले, तर असे काही इथे नाही, हे तो तत्काळ सांगतो. तो वाचतो ती माहिती त्याच मशीनवरच्या पायथॉनची असते.

‘मॅन’ या कमांडने उघडणारे मॅन्युअलचे पान, म्हणजे मॅन पेज, रुक्ष असते, हा आक्षेप खराच. उदाहरणे तुटपुंजी, भाषा इंग्रजी आणि तीही आखडलेली. नवख्याला पहिल्या परिच्छेदातच घाम फुटतो. म्हणून तर नेमकी उदाहरणे देणारा ‘टीएलडीआर’ हा प्रकल्प उभा राहिला. पण रुक्षपणावर सरावाने मात करता येते आणि तो सराव वर्गातच व्हायला हवा. पहिल्या प्रॅक्टिकलला ‘हॅलो वर्ल्ड’ छापून घेतात, त्याच तासाला ‘मॅन’ही उघडायला लावावे. शब्द शोधायचा तर स्लॅश, बाहेर पडायचे तर क्यू. निम्मे विद्यार्थी तिथेच अडकतात.