किल्ली मागणारा कोण?

बिटकॉइनसारख्या आभासी चलनातील फसवणुकीविषयी बोलताना आपण विद्यार्थ्यांना ‘सावध राहा’ एवढेच सांगून थांबतो. माझ्या मते हा उपदेश अपुरा आहे. सावध नेमके कशापासून, हे कळण्यासाठी थोडे गणित लागते आणि ते नववी-दहावीच्या आवाक्यातले आहे.

बिटकॉइनची खाजगी किल्ली म्हणजे दुसरेतिसरे काही नसून एक संख्या असते. द्विमान पद्धतीत २५६ अंकांची. अशा संख्या किती? २ चा २५६ वा घात, म्हणजे नेहमीच्या पद्धतीने लिहिल्यास ७८ अंकी आकडा! जगातील सारे संगणक जुंपले तरी एकेक किल्ली लावून पाहणे संपायचे नाही. म्हणून चोर गणिताच्या वाटेला जातच नाही. तो किल्ली सरळ मागतो.

लेजर ही फ्रान्समधील कंपनी अशा किल्ल्या सांभाळणारी छोटी उपकरणे बनवते. किल्ल्या ज्या मूळ संख्येतून निघतात, ती संख्या मालकाला २४ शब्दांच्या रूपात लिहून ठेवता येते. २०२० मध्ये या कंपनीच्या ग्राहकांची माहिती चोरीस गेली. त्यात सुमारे २ लाख ७२ हजार जणांची नावे व पत्ते होते; किल्ली मात्र एकही नव्हती. २०२१ मध्ये काही ग्राहकांच्या घरी टपालाने नवे उपकरण आले. सोबत कंपनीच्या नावाचे पत्र: जुने उपकरण आता सुरक्षित नाही, हे वापरा, आपले २४ शब्द यात भरा. ते उपकरण बनावट होते.

येथे ‘अनोळखी माणसापासून दूर राहा’ हा सल्ला काय कामाचा? मागणाऱ्याला तर नाव-पत्ता ठाऊक होता. तेव्हा कोण मागतो यापेक्षा काय मागतो, हे पाहावे. व्यवहार तपासणारे संगणक किल्लीने केलेली सही तपासतात. माणूस कोण, हे पाहत नाहीत. त्यामुळे मदत करणाऱ्या कोणालाही तुमचे शब्द लागत नाहीत. उलट ते ज्याच्या हाती पडले, त्याची सही खरीच ठरते आणि गेलेले पैसे परत फिरवणारी बँक येथे नसते.

शिक्षकांनी हा विषय घातांकांच्या तासालाच घ्यावा. ते शब्द २०४८ शब्दांच्या ठरावीक यादीतून येतात. २०४८ म्हणजे २ चा ११ वा घात. तेव्हा नाणे ११ वेळा उडवले की एक शब्द ठरतो. २४ शब्दांसाठी किती वेळा उडवावे लागेल, हे मुलांनाच काढू द्यावे. उत्तर २६४ येईल. प्रत्यक्षात २५६ पुरतात, कारण उरलेले ८ अंक शब्द बरोबर उतरवले आहेत की नाही, हे तपासण्यासाठी असतात.