ऊन फुकट, पाणी नव्हे



रात्रीच्या पाळीत, विंचूकाट्यात मोटार चालू करायला आपण वर्षानुवर्षे गेलो. कोयनेची वीज १,९६० मेगावॉट, चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या. पाणी आणि वारा आपल्या डोंगरांचा, जागरणही आपलेच! चंद्रपूरला जळतो तो कोळसा तर पुन्हा उगवायचा नाही. म्हणून दिवसा वीज आणि सौर पंप ही मागणी आम्ही सोडणार नाही. २०२४ च्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींचा पाच. जरूर घ्या.

पण एक हिशेब घालून घ्या. बिल नसलेला पंप दिवस मावळेपर्यंत थांबत नाही. ऊन रोज येते, पाऊस चारच महिने. आपला काळा खडक पाणी धरतो ते फक्त भेगांत आणि मुरमात. एकाने सौर पंपावर ऊस लावला, की शेजारच्या चार विहिरी फेब्रुवारीतच तळ गाठतात. मग कोळसा वाचला, पण गाव वाचले का?

ज्वारीला पोटरीत आणि फुलोऱ्यात, कपाशीला पाते-बोंडे धरताना एकेक संरक्षित पाणी मिळाले तरी पीक हाती लागते. पंप बसवण्याआधी गावाने बसून पाण्याची पाळी ठरवावी. सरकारकडे उजेडातली वीज मागू. पाण्याची शिस्त मात्र आपणच लावू. ऊन सरकारचे नाही, तसे पाणीही एकट्याचे नाही.