अडीच तासांची रेघ

मुंबईहून कोलकात्याचे विमान सुटते आणि वैमानिक सांगतो, साधारण सव्वादोन तासांत पोहोचू. तिकिटावर दोन तास चाळीस मिनिटे किंवा त्याहून जास्त लिहिलेले असते. मधली पंचवीस मिनिटे कसली, हे कोणी सांगत नाही. प्रवासीही विचारत नाही. विमान ‘वेळेआधी’ लागले याचेच त्याला समाधान.

अंतर सुमारे १,६५० किलोमीटर. ते होते तेवढेच आहे. तिकिटावरचा वेळ हवेतला नसतोच. चाकांचे ठोकळे काढून विमान हलते तिथपासून ते दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभे राहीपर्यंतचा तो वेळ. धावपट्टीपर्यंतची रांग त्यात आली, उतरल्यावरचे ताटकळणेही आले. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयानेच सांगितले होते, की मुंबईवर विमाने ४० ते ६० मिनिटे घिरट्या घालतात आणि तासाभराच्या घिरट्यांत सुमारे अडीच हजार लिटर इंधन जाते. तेव्हा थोडी सवड ठेवावीच लागते. इथवर तक्रार नाही.

पण सवड किती, हे ठरवते कोण? कंपनी. मग पाव तासापर्यंतचा उशीर उशीर मानायचा नाही, ही या धंद्याची जगभरची रीत वेगळी. रोजचा उशीर आधीच वेळापत्रकात मुरवला, की वक्तशीरपणाचा आकडा आपोआप सुधारतो. विमान मात्र एक मिनिटही लवकर पोहोचत नाही.

यात प्रवाशाचे काय गेले? त्याचे उत्तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, नियमात आहे. उड्डाण अडीच तासांपर्यंतचे असेल, तर सुटायला दोन तास उशीर झाल्यावर कंपनीने खाणेपिणे द्यायचे. अडीच तासांहून जास्त आणि पाच तासांपर्यंतचे असेल, तर तीन तासांनी. हे अडीच तास हवेतले नव्हेत, वेळापत्रकातले. म्हणजे कोलकात्याचा प्रवासी सव्वादोन तासच उडणार, पण कागदावर त्याने रेघ ओलांडलेली. लहान मूल घेऊन बसलेल्या आईला, मधुमेहाची गोळी घेऊन बसलेल्या आजोबांना, फलाटाएवढ्या त्या प्रतीक्षागृहात आणखी एक तास काढावा लागतो, किंवा तिथल्या भावाने सँडविच विकत घ्यावे लागते. कंपन्या हे मुद्दाम करतात, असा आरोप नाही. पण ज्याच्या खिशातून खाण्याचा खर्च जायचा, त्याच्याच हाती मोजपट्टी असणे गैर आहे.

हा हक्क अंतरावर बांधावा. किलोमीटर कोणाला फुगवता येत नाहीत. आणि तिकिटावर दोन आकडे वेगळे छापावेत, हवेतला वेळ आणि जमिनीवरचा. उन्हाळी आणि हिवाळी अशी दोन वेळापत्रके दरवर्षी डीजीसीएकडे मंजुरीला येतात. कोणत्या मार्गावर विमान खरोखर किती वेळ उडाले, याच्या नोंदी कंपन्यांकडे असतातच. मंजुरीच्या वेळी त्या मागवून शेजारी ठेवायला नवा कायदा लागत नाही.