शांत अ‍ॅप म्हणजे सुखरूप घर नव्हे

गेल्या पावसाळ्यात सकाळी साडेसातच्या सुमारास आमच्या अपघात विभागात ७८ वर्षांच्या एका आजींना आणले. रात्री तीनला त्या बाथरूमच्या दारात पाय घसरून पडल्या होत्या. गळ्यात मदतीचे बटण होते. ते दाबले की घरातल्या कंट्रोलरला निरोप जाणार, घरात भोंगा वाजणार आणि परदेशातल्या मुलीला व शेजाऱ्यांना फोनवर सूचना मिळणार, अशी सोय मुलीने हौसेने करून घेतली होती. आजींनी बटण अनेकदा दाबले. भोंगा वाजला नाही, कुणी आले नाही. सकाळी कामाला येणाऱ्या मावशींकडे किल्ली होती, म्हणून सात वाजता तरी दार उघडले.

खुब्याचे हाड शाबूत होते, पण चार तास फरशीवर एकाच कुशीवर पडून राहणे हे वेगळे दुखणे असते. दाबल्या गेलेल्या स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यातली द्रव्ये रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. अंगातले पाणी कमी होते, कातडीला जखमा होतात. वृद्ध माणूस पडल्यावर तासाभरात उचलला जाणे म्हणूनच महत्त्वाचे. आजी सलाइन आणि देखरेखीने सावरल्या. मुलगी फोनवर एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होती, “डॉक्टर, अ‍ॅपवर तर सगळं हिरवं दिसत होतं.”

भाच्याने नंतर शोध घेतला तेव्हा कारण अगदी साधे निघाले. आदल्या संध्याकाळी वीज गेली होती. इन्व्हर्टर होता, पण वीज जाऊन इन्व्हर्टर सुरू होईपर्यंतच्या क्षणभराच्या खंडात राउटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला. राउटर घरातल्या प्रत्येक उपकरणाला एक क्रमांक, म्हणजे पत्ता देतो. या वेळी त्याने कंट्रोलरला नवा पत्ता दिला. बटण मात्र जुन्याच पत्त्यावर निरोप पाठवत राहिले. आणि अ‍ॅप? ते शेवटची मिळालेली खबर दाखवत होते, आत्ताची नव्हे.

यापूर्वीही ही यंत्रणा अधूनमधून बंद पडत असे. दरवेळी कुणीतरी राउटर बंद करून चालू करी आणि काम भागे. हा पॅरासिटामॉलचा उपचार झाला. ताप उतरतो, कारण तिथेच राहते. उतरलेला ताप पाहून आपण तपासणी पुढे ढकलतो, हा त्यातला खरा धोका.

रुग्णाला आम्ही आधी प्रश्न विचारतो, मग औषध लिहितो. इथेही तेच करावे. सगळी उपकरणे एकदम गप्प होतात की एखादेच? वीज गेल्यानंतर होते की रोज ठरावीक वेळी? एकाच खोलीत होते का? आठवडाभर वहीत तारीख आणि वेळ लिहून ठेवली, तर निम्मे निदान तिथेच होते. सगळे एकदम बंद पडत असेल तर संशय राउटर, वीज किंवा इंटरनेटवर. मागच्या खोलीतलेच उपकरण तुटत असेल तर भिंती आणि अंतरावर. संध्याकाळी, म्हणजे इमारतीत सगळे घरी असताना बिघडत असेल तर शेजारच्या वायफायच्या गर्दीवर. एका वेळी एकच बदल करावा. तीन औषधे एकदम दिली तर कोणते लागू पडले ते कळत नाही.

उपचार बहुतेक वेळा स्वस्त असतात. पहिला, कंट्रोलर वायफायवर न ठेवता केबलने थेट राउटरला जोडावा. दुसरा, राउटरच्या सेटिंगमध्ये त्याचा पत्ता कायमचा राखून ठेवावा. त्याला डीएचसीपी रिझर्व्हेशन म्हणतात. आजींच्या घरी एवढे केले असते तर पुरले असते. तिसरा, राउटर, फायबरची पेटी आणि कंट्रोलर या तिघांना छोटा यूपीएस लावावा. केवळ राउटरला लावून भागत नाही.

गर्दीचा प्रश्न थोडा अवघड आहे. घरातली बरीच स्वस्त उपकरणे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. वायफाय, ब्लूटूथ आणि सेन्सरसाठी वापरली जाणारी झिग्बी ही पद्धत या सगळ्यांची हीच वाट, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच कुरकुर करतो. या पट्ट्यात वायफायचे १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत. राउटर त्यांपैकी कमी गर्दीच्या चॅनेलवर स्थिर करावा. झिग्बीचा चॅनेल वायफायपासून दूरचा निवडावा, मात्र तो बदलल्यावर काही सेन्सर पुन्हा जोडावे लागतात. झिग्बीचा छोटा डोंगल कंट्रोलरच्या यूएसबी ३ सॉकेटमध्ये थेट खोचला असेल तर त्या सॉकेटचा विद्युत गोंगाटच संदेश बुडवतो. मीटरभर लांबीच्या एक्स्टेन्शन केबलने डोंगल दूर नेला की अनेकदा सेन्सर ‘हरवणे’ थांबते.

हे सगळे केल्यावरही एक प्रश्न उरतो. इंटरनेटच गेले तर? म्हणून घरच्यांनी एक परीक्षा घ्यावी. इंटरनेटची तार काढावी आणि बटण दाबावे. घरातला भोंगा वाजला पाहिजे. मग मेन स्विच बंद करून पुन्हा दाबावे. यात यंत्रणा नापास झाली तर ती सोयीची आहे, भरवशाची नाही. दिवे लावायला आणि पंखा फिरवायला ती जरूर वापरावी, जीव तिच्यावर सोपवू नये.

अतिदक्षता विभागात काम करणाऱ्यांना एक गोष्ट चांगली ठाऊक असते. यंत्रे विनाकारण वाजत राहिली की कान बधिर होतात आणि खऱ्या हाकेकडेही दुर्लक्ष होते. ‘उपकरण उपलब्ध नाही’ अशा सूचना दिवसातून दहादा आल्या की मुलगा किंवा मुलगी त्या बंद करून टाकते. त्यामुळे खराब नेटवर्क ही नुसती कटकट राहत नाही, ते माणसाची सावधगिरीही मारते. उलट बाजूही तितकीच वाईट. सूचना आली नाही म्हणजे सगळे ठीक, असे आपण धरून चालतो. मॉनिटरवरची तार निसटली तर आम्ही रुग्ण बरा आहे असे मानत नाही, धावत जातो. घरातल्या यंत्रणेनेही ठरावीक वेळाने ‘मी जागी आहे’ असा निरोप पाठवावा आणि तो चुकला तर दूरच्या फोनवर धोक्याची सूचना यावी. मात्र तो निरोप चुकल्याचे घराबाहेरच्या सेवेने ओळखायला हवे, कारण बंद पडलेले यंत्र स्वतःची बातमी देऊ शकत नाही.

ही यंत्रणा बसवून देणाऱ्यांकडून एवढी मागणी रास्त आहे. बसवून झाल्यावर वीज आणि इंटरनेट बंद करून चाचणी दाखवावी, काय चालते आणि काय चालत नाही ते मराठीत कागदावर लिहून द्यावे. घरच्यांनी महिन्यातून एकदा, पेन्शन आणायच्या दिवशी म्हणा, बटण दाबून पाहावे. ते आजी-आजोबांनी स्वतः दाबावे, म्हणजे हातालाही सवय राहते.

आणि यंत्राच्या पाठीशी माणूस असावा. एक किल्ली शेजारी, १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक मोठ्या अक्षरात भिंतीवर, आणि रोज ठरलेल्या वेळी एक फोन. फोन उचलला नाही तर शेजाऱ्यांनी दार ठोठवायचे, हेही आधी ठरलेले असावे.

आजी आता घरी आहेत. कंट्रोलर केबलवर आला आहे, पत्ता पक्का झाला आहे. मुलीने एक बदल मात्र कुणी न सांगता केला. रोज सकाळी सात वाजता ती फोन करते. अ‍ॅप हिरवे असले तरी.