माजी-शोरूम किंमत

आमच्या मंडईतली मेथीवाली ‘वीसला जुडी’ म्हणते आणि वीसचीच नोट घेते. जुडी पिशवीत पडल्यावर ‘आता मुळांचे तीन, मातीचे दोन आणि दोऱ्याचा एक’ असं ती आजवर कधी म्हणाली नाही. म्हणाली असती तर आमच्या हिने मंडई डोक्यावर घेतली असती. मोटार विकणारा मात्र नेमकं हेच करतो आणि आपण त्याची फुकटची कॉफी पिऊन ‘थँक्यू’ म्हणून येतो. माझं भांडण इथे आहे.

वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मी नवीन गाडी घ्यायला निघालो. जुनी चौदा वर्षांची झाली होती आणि घाटात तिला माझ्यापेक्षा जास्त धाप लागत होती. हिचं माहेर कोकणात. तिथे नव्वदीच्या सासूबाई आहेत, आणि दर दोन महिन्यांनी घाट उतरून जाणं हा आमच्या घरचा कायदा आहे. उंच जीपसारख्या गाडीत हिला गुडघ्यामुळे चढवत नाही. टेस्ट ड्राइव्हला एकदा तिला अक्षरशः स्टूल द्यावं लागलं. तेव्हा बेत ठरला तो मधल्या आकाराच्या, डिकीवाल्या सेदानचा. पैसे ग्रॅच्युइटीतले, आणि ही आमची शेवटची गाडी, हे दोघांनाही न बोलता ठाऊक होतं.

जाहिरातीत लिहिलं होतं, साडेबारा लाख. खाली मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात ‘एक्स-शोरूम’. एक्स-मिनिस्टर म्हणजे माजी मंत्री. त्या हिशेबाने एक्स-शोरूम किंमत म्हणजे शोरूममध्ये आता जी उरलेली नाही ती, असा अर्थ मी लावला. पुढे अनुभवाने कळलं की तोच बरोबर आहे.

टाय लावलेल्या एका मुलाने कोटेशन पुढे केलं. १२,५०,००० च्या खाली रोड टॅक्स १,५०,००० (महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला बारा टक्के). टीसीएस १२,५००. विमा ५८,०००. अ‍ॅक्सेसरी किट ३५,०००. वाढीव वॉरंटी २२,०००. हॅण्डलिंग ९,०००. नंबर प्लेट, फास्टॅग आणि किरकोळ, १,५००. बेरीज, १५,३८,०००. साडेबारा लाखांवर दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजारांचा चिखल!

“हॅण्डलिंग म्हणजे काय?” मी विचारलं.

“सर, गाडी हॅण्डल करण्याचे.”

मी चाळीस वर्षं बँकेत लोकांच्या नोटा हॅण्डल केल्या, पण त्याचे वेगळे पैसे काउंटरवर मागायचं मला सुचलं नाही. म्हणून तर मी अजून हप्त्यांचा विचार करतोय.

आता तुम्ही म्हणाल, रोड टॅक्स राज्याराज्यांत वेगळा, कंपनी सगळ्या देशाला एकच आकडा कसा छापणार? हा मुद्दा मला प्रत्येक शोरूममध्ये ऐकवण्यात आला, तोही मोठ्या देशभक्तीच्या सुरात. अहो, पेट्रोलचा भावही गावोगाव वेगळा असतो. २०१७ पासून तर तो रोज सकाळी बदलू शकतो. तरी पंपावर पाटी असतेच की, त्या गावचा, करासकट भाव! पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर ‘सर्व करांसहित’ छापायला लावणारं सरकार पंधरा लाखांच्या वस्तूपाशी येऊन एकदम लाजतं. पुण्यातल्या शोरूमच्या भिंतीवर पुण्यातली रस्त्यावरची किंमत लिहायला कुठली घटनादुरुस्ती लागते?

आणि साडेबारा लाखांत तरी गाडीचे किती? सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला जीएसटी अठरा टक्के, त्यापुढच्या गाडीला चाळीस. (आधी आमच्या गटाला सेससकट पंचेचाळीस होता, म्हणजे आम्ही आभारच मानायला हवेत.) साडेबारा लाखांतले सुमारे तीन लाख सत्तावन्न हजार हा कर. त्या करासकटच्या किमतीवर पुन्हा रोड टॅक्स. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाडीला सवलत देताना ही चार मीटरची रेघ मारली गेली आणि तेव्हापासून कित्येक सेदानांची शेपटी छाटली गेली. आमची निवड साडेचार मीटरची. हिने डिकी फणसांत मोजली. छाटलेलीत दोन बसत होते, हिच्यात चार, वर सोलांची बरणी.

मग तुलना. मी दोनशे पानी वही घातली. चिरंजीव फोनवरून म्हणाले, “बाबा, व्हॅल्यू बघा, किंमत नको.” ही व्हॅल्यू म्हणजे काय, ते शोरूमवाल्यांनी ठरवून टाकलंय. सगळ्यांत खालच्या मॉडेलात तुम्हाला हवी असलेली एकच गोष्ट नसते. ती वरच्यात असते, पण तिच्याबरोबर नको असलेल्या सहा येतात. मला मागची काच पुसणारी तापती तार हवी होती, घाटातल्या धुक्यासाठी. तिच्याबरोबर मला छताला खिडकी घ्यावी लागत होती. पुण्याच्या मे महिन्यात डोक्यावर काच! वराडात नवऱ्यामुलाबरोबर करवल्या येतात तशी ही छताची खिडकी.

चाकणच्या एकाच छत्राखाली स्लाव्हिया आणि व्हर्टस या दोन बहिणी जन्मतात. सांगाडा तोच, इंजिनं तीच. नाकडोळे आणि किंमत वेगळी. हिने दोन्हींभोवती एकेक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाली, “साडी तीच, काठ बदललेत.” माझ्या वहीत याच मुद्द्याला अकरा पानं लागली होती. या दोघी आणि व्हर्ना, तिघींना २०२३ पर्यंत ग्लोबल एनकॅपच्या धडकचाचणीत पाच तारे मिळाले होते. हे मला माझ्या मेहुण्याने सांगितलं. शोरूममध्ये दाराच्या आतला निळा दिवा वीस मिनिटं दाखवला, ताऱ्यांचं नाव नाही.

“सर, वरच्या मॉडेलचं अ‍ॅव्हरेज दोन किलोमीटरने जास्त आहे,” टायवाला म्हणाला. जादा किंमत, दीड लाख. मी तिथेच वही उघडली. आमचं फिरणं वर्षाला सहा हजार किलोमीटर. अठराऐवजी वीसचं अ‍ॅव्हरेज, म्हणजे वर्षाला तेहतीस लिटर वाचले. लिटर १०५ धरलं तर साडेतीन हजार रुपये. दीड लाख वसूल व्हायला त्रेचाळीस वर्षं. म्हणजे माझ्या एकशे अकराव्या वाढदिवसापासून मला फायदा सुरू. मुलगा म्हणाला, “पण सर, व्हॅल्यू आहे.”

खरा आकडा पुढेच होता. विम्याच्या कोष्टकात गाडी पाच वर्षांची झाली की किंमत निम्म्यावर येते. पाच वर्षांत तीस हजार किलोमीटर. गेलेले पैसे भागिले किलोमीटर केलं, तर किलोमीटरला सत्तावीस-अठ्ठावीस रुपये नुसती गाडी खाते. पेट्रोलचे फक्त सहा. सर्व्हिसिंग वेगळंच. आणि आपण वर्षभर त्या सहा रुपयांवर डोकं आपटतो! त्यांच्या मुळाशी बसलेल्या सत्तावीसांचा आकडा कुठल्याच जाहिरातीत नसतो. मी हिला हिशेब वाचून दाखवला. रिक्षाचा मीटर याहून सावकाश पळतो, असंही सांगितलं. तिने वही मिटली आणि विचारलं, “आईकडे रिक्षा जाते का?”

मग मी लढलो. अ‍ॅक्सेसरी किट काढलं (त्यात गणपती होता, तो आमच्याकडे आहे). वॉरंटी काढली. हॅण्डलिंगपाशी दीड तास बसलो, तोही उपाशी, कारण आता कॉफी बंद झाली होती. विमा शोरूममधूनच घ्यायला हवा, असं त्याने सांगितलं. तसा नियम नाही. बाहेरून तोच विमा एक्केचाळीस हजारांत मिळाला. टीसीएसचे साडेबारा हजार विवरणपत्रात परत येतील. बेरीज खाली आली १४,५५,०००. त्र्याऐंशी हजार वाचले, आणि तेही ज्यांना नुसतं ‘हे काय?’ विचारायचं सुचलं त्यांचे. ज्याला वेळ नाही, ज्याच्या घरी म्हातारं माणूस आजारी आहे आणि गाडी उद्या हवी आहे, तो हे त्र्याऐंशी हजार गुपचूप भरून जातो. मला राग त्याच्या वतीने आहे.

सही करताना टायवाला मुलगा जवळ सरकला. मॅनेजरकडे पाठ करून, हळूच. ‘सर’चं एव्हाना ‘काका’ झालं होतं.

“काका, त्या वहीच्या पानांचे फोटो काढू का? आमच्या बाबांना गाडी घ्यायचीय. सेकंड हँड.”

मी वही त्याच्याकडे सरकवली आणि आधी कुठलं पान काढायचं ते सांगितलं.