जनावरे मोजली, आजार कोण मोजणार?

१९८० च्या दशकातली गोष्ट. त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातील एका बँकेच्या शाखेत मी कर्जविभाग सांभाळत होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातून म्हशींसाठी कर्जे दिली जात. म्हैस घेतली की विमा, विमा उतरवला की कानात बिल्ला. आणि म्हैस मेली की तो बिल्ला, पंचनामा व गुरांच्या डॉक्टरांचा दाखला शाखेत यायचा. एका पावसाळ्याच्या तोंडाला पंधरवड्यात असे चार दाखले आले. चारहींवर मृत्यूचे कारण एकच होते : घटसर्प. मी ते चार निरनिराळ्या फायलींत लावले, विमा कंपनीकडे रवाना केले आणि थकबाकीच्या तक्त्यात चार नावे वाढवली.

चौथी म्हैस ज्या बाईंची होती, त्या कागदावर अंगठा उठवून निघताना म्हणाल्या, "साहेब, वरच्या वाडीत आधीच दोन म्हशी गेल्या हुत्या म्हनं. आमाला कुनी सांगितलं असतं तर लस तरी टोचून घेतली असती."

वरच्या वाडीचे ते दोन कागद माझ्याच कपाटात होते. घटसर्प गळ्याला सूज आणतो आणि एक-दोन दिवसांत जनावर नेतो. त्याची लस पावसाळ्यापूर्वी टोचायची असते. मला त्या कागदांत थकबाकी दिसली, साथ दिसली नाही. निवृत्तीनंतरही ही बोच गेलेली नाही. म्हणूनच ऑक्टोबर २०२४ मध्ये देशाची २१वी पशुगणना सुरू झाल्याची बातमी वाचली, तेव्हा पहिला विचार मनात आला तो त्या बाईंचा.

जनावरे मोजण्यात आपण मागे नाही. ही गणना १९१९ पासून होत आली आहे. २०१९ च्या गणनेत देशात सुमारे १९ कोटी २५ लाख गायी-बैल आणि जवळजवळ ११ कोटी म्हशी भरल्या. परंतु पशुगणना जनावरे मोजते. त्यांतली आजारी किती, हे सांगणे तिचे काम नाही. मग ते कुठून कळावे? दवाखान्याच्या वहीतून, असे आपल्याला वाटते. पण वहीत फक्त दवाखान्यापर्यंत आलेल्या जनावराची नोंद होते. जे गोठ्यातच मेले, जे घरगुती उपचारावर राहिले, जे आजार उघड होण्याआधीच बाजारात विकले गेले, ते वहीत नसते. बँकेच्या खिडकीशी आलेल्या माणसांवरून साऱ्या गावाची ऐपत ठरवावी, तसलाच हा प्रकार.

यावर शास्त्राने काढलेला मार्ग सोपा आहे. सगळी जनावरे तपासणे शक्य नाही, तेव्हा चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, कोणाचीही भीड न धरता काही निवडायची आणि त्यांचे रक्त तपासायचे. एखाद्या मोठ्या समूहात शेकडा एक जनावर बाधित असेल, तर अशी सुमारे ३०० जनावरे तपासली असता निदान एक तरी सापडण्याची खात्री शेकडा ९५ असते. मात्र रस्त्यालगतची, दवाखान्याजवळची, ओळखीच्या पाटलांची जनावरे निवडली, की ही खात्री संपली.

चाचणीचाही हिशेब असतो. समजा, हजार गायींपैकी २० खरोखर बाधित आहेत आणि चाचणी शंभरात पाच वेळा चुकते. ती २० पैकी १९ बाधित गायी पकडेल. पण ९८० निरोगी गायींतल्या ४९ गायींवरही शिक्का मारील. म्हणजे ६८ गायी 'बाधित' ठरल्या, तरी खऱ्या बाधित १९च. आकडा हाती आला म्हणून सत्य हाती आले असे नव्हे. म्हणून फेरतपासणी लागते, ती करणारी माणसे लागतात, आणि तोवर मालकाला धीर देणारा कोणीतरी लागतो.

हे काम आपल्याला जमत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. बुळकांडी हा शब्द आज नातवंडांना ठाऊक नाही, आणि हेच आपले मोठे यश आहे. या रोगाने गावेच्या गावे बैलांवाचून ओसाड केली. जनावरांच्या रोगांच्या अभ्यासासाठी १८८९ साली प्रयोगशाळा निघाली ती आपल्या पुण्यात. पुढे १८९३ मध्ये ती हिमालयात मुक्तेश्वरला हलली. १९५४ पासून देशभर लसीकरणाची मोहीम झाली. रोग हटला, पण पुरता गेला नाही. शेवटच्या टप्प्यात किती लसी टोचल्या, यापेक्षा रोग कुठे उरला आहे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला. लसीकरण थांबवून पथके गावोगाव, गुरांच्या वाटांवर आणि दवाखान्यांच्या वह्यांत बुळकांडी शोधत फिरली. १९९५ नंतर तिचा रुग्ण सापडला नाही. तरीही शोध थांबला नाही, म्हणूनच २००६ मध्ये भारताला आणि २०११ मध्ये साऱ्या जगाला या रोगातून मुक्त झाल्याचे जाहीर करता आले.

हा धडा आज लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस, म्हणजे सांसर्गिक गर्भपात, यांच्या बाबतीत उपयोगी आहे. २०१९ साली या दोन्हींविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. २०३० पर्यंत लाळ्या-खुरकूत हद्दपार करायचे उद्दिष्ट आहे. जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला आला. बँकेत उद्दिष्टपूर्तीचे तक्ते भरण्यात माझी हयात गेली, त्यामुळे एक सावधगिरीचा शब्द सांगतो : टोचलेल्या लसींची संख्या हा खर्चाचा हिशेब आहे. जनावराच्या रक्तातील प्रतिकारशक्ती लसीने आली की रोगाने, हे लाळ्या-खुरकुताच्या बाबतीत वेगळ्या चाचणीने ओळखता येते. त्या चाचणीचे आकडे जमेचा हिशेब सांगतात.

आणि हे आकडे शेवटी अवलंबून असतात ते गोठ्याचे दार उघडणाऱ्या माणसावर. २००९ च्या कायद्याने ठरावीक संसर्गजन्य रोग कळवणे मालकाला बंधनकारक केले आहे. पण कळवले की काय होते? ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातून लम्पीची साथ राज्यात पसरू लागली आणि पुढच्या महिन्यात गुरांचे बाजार बंद झाले. ते आवश्यकच होते. पण पेरणीचे कर्ज फेडायला बैल विकू पाहणाऱ्याला रोगाइतकीच बातमीची धास्ती वाटली असेल, तर त्याला दोष कसा द्यावा? सरकारने मेलेल्या गायीमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार आणि वासरामागे १६ हजार रुपये मदत जाहीर केली. ही नुसती दया नव्हती. खरे सांगणाऱ्याचे नुकसान भरून निघते, असा विश्वास बसला तरच लोक सांगतात.

ब्रुसेलोसिसमध्ये हा पेच अधिक बिकट आहे. गाय दिसायला धडधाकट, दुधाला चांगली. आणि रक्ताचा अहवाल म्हणतो, बाधित. नुकसान कोण सोसणार, हे ठाऊक नसलेला मालक अहवालाची घडी करून खिशात ठेवतो आणि येत्या बाजारी गाय विकून टाकतो. रोग दुसऱ्या गोठ्यात जातो. गाभडलेल्या गायीचा वार हाताने काढणाऱ्याला किंवा कच्चे दूध पिणाऱ्या पोरालाही तो होतो.

तेव्हा नवी गणना झाली, कानातले बिल्ले संगणकात जात आहेत, हे चांगलेच आहे. माझ्या कपाटापेक्षा संगणकाची स्मरणशक्ती मोठी आहे. पण चार नोंदी एकत्र वाचून खालच्या वाडीला निरोप धाडणारा माणूस नेमला आहे का, आणि खरे सांगणाऱ्याचे नुकसान भरून देण्याची तजवीज आधीच केली आहे का, हे दोन प्रश्न आपण विचारायला हवेत. आपला तालुका, आपला दवाखाना, आपली ग्रामसभा इथूनच सुरुवात करता येईल. यंदा पावसाळ्यापूर्वी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आसपासच्या गावांतल्या गुरांच्या आजारांची चार ओळींची खबर लागली, तरी पुष्कळ झाले. त्या बाईंनी यापेक्षा जास्त काही मागितले नव्हते.