सत्काराची यादी

२०२४च्या ऑगस्टमधला बडोद्याचा पूर ओसरला, आणि आमच्या मंडळाच्या पहिल्याच बैठकीत ठराव आला की मदतकार्य करणाऱ्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा. ठराव एकमताने मंजूर झाला. नावे लिहायला बसलो आणि पंचाईत झाली. ट्रॅक्टरच्या ट्यूबवर दुधाच्या पिशव्या ठेवून छातीएवढ्या पाण्यातून घरोघर देणारा पोरगा कोण, कोणत्या वस्तीतला, हे एकालाही सांगता येईना.

वाचकहो, ते दिवस आठवा. २६ ऑगस्टला, ऐन जन्माष्टमीला, पावसाने झोडपून काढले आणि दुसऱ्या दिवशी विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली. वीज गेली, फोन मुके झाले, अंगणात मगर आल्याच्या बातम्या येऊ लागल्या. लष्कराच्या आणि एनडीआरएफच्या तुकड्या आल्या, पण गल्लीगल्लीत नाव पोचणार कशी? तिथे शेजारीच धावला.

आमच्या ओळखीच्या एका सोसायटीत तळमजल्यावर वृद्ध मराठी जोडपे राहते. एक मुलगा पुण्याला, दुसरा अमेरिकेत. (आपल्यापैकी निम्म्या घरांची हीच कथा आहे.) रात्री पाणी उंबऱ्यावर आले, तेव्हा वरच्या पटेल, मेमण आणि मल्याळी कुटुंबांतल्या चौघांनी आजींना प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून दुसऱ्या मजल्यावर नेले. फ्रिज बंद, म्हणून आजोबांचे इन्सुलिन माठाच्या गार पाण्यात, डब्यात घालून ठेवले. तीन दिवस एकाच सिलिंडरवर साऱ्या इमारतीची खिचडी शिजली. कांदा-लसणाचा प्रश्न होता, तो न घालताच सुटला.

आम्ही बँकेत नोकरी करतो. पूर ओसरला की तो आमच्या काउंटरवर येतो. चिखलाने चिकटलेली पासबुके, शाई पसरलेल्या ठेवींच्या पावत्या. ज्या शिपायाच्या स्वतःच्या घरात गाळ होता, तोच पहिल्या दिवशी सर्वांआधी हजर होता आणि पंख्याखाली एकेक पावती सुटी करून वाळवत होता. त्याला कोणी सांगितले नव्हते. सरकारने व्यापाऱ्यांना मदत जाहीर केली. लारीवाल्याला ५,००० रुपये, दुकानदाराला जास्तीत जास्त ८५,०००. पण अर्ज भरायचे कोणी? आपल्या समाजातल्या दोन निवृत्त शिक्षिका ओट्यावर बसून भाजीवाल्यांचे अर्ज शुद्ध गुजरातीत भरून देत होत्या. सत्काराला त्यांनीही साफ नकार दिला.

मात्र या चांगुलपणाचे गोडवे गाऊन मूळ प्रश्न झाकू नये. त्या आठवड्यात पाहणीला आलेल्या पुढाऱ्यांना लोकांनी ठिकठिकाणी जाब विचारला, तो रास्तच होता. आजवा सरोवर बांधणाऱ्या सयाजीराव महाराजांच्या या शहरात नदीची कोतरे बुजवून इमारती उठल्या, त्या रातोरात उठल्या नाहीत. २०२५च्या उन्हाळ्यात पात्र खोल-रुंद करण्याचे काम झाले, त्याचे श्रेय आम्ही देतो. परंतु शेजारी खुर्ची उचलेल या भरवशावर शहराचा कारभार चालवता येत नाही.

आणि दोष आपल्याकडेही आहे. एकटे राहणारे आपले किती वृद्ध सखल भागात आहेत, याची नोंद त्या रात्री मंडळाकडे नव्हती. देणगीदारांची मात्र होती, पत्त्यासकट.

म्हणून सत्काराची रक्कम वळवून आम्ही एक वही घातली आहे. घरातल्या वृद्धाचे नाव, मजला, चालू औषधे, आणि वेळ आली तर वर कोणाच्या घरी न्यायचे त्या शेजाऱ्याचे नाव व फोन, एवढेच त्यात लिहायचे आहे. शेजाऱ्याला आधी विचारून या. वही कार्यालयात संध्याकाळी ६ ते ८ उघडी असते. गुजरातीत लिहिले तरी चालेल.